बोटीवरचा तपासनीस, ७१० डॉलर आणि कोर्टाचे झुकते माप

हेरिंग हा आपल्या तारलीचा लांबचा भाऊबंद. अटलांटिकच्या थंड पाण्यात थव्याने फिरणारा, स्वस्त, आणि बराचसा लॉबस्टरच्या सापळ्यांत आमिष म्हणून खपणारा मासा. या माशाच्या बोटीवर बसणाऱ्या तपासनिसाचे पैसे कोणी द्यायचे, एवढ्याशा प्रश्नावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२४ रोजी चाळीस वर्षे चालत आलेला सिद्धान्त मोडीत काढला. खटल्याचे नाव ‘लोपर ब्राइट एन्टरप्रायझेस विरुद्ध रायमोंडो’. जिना रायमोंडो या तेव्हाच्या वाणिज्यमंत्री.

निकालावर जे लिहिले गेले ते बहुतेक ‘शेव्हरॉन गेले’ या एका वाक्याभोवती फिरते. शेव्हरॉन हे त्या मोडलेल्या सिद्धान्ताचे नाव: कायदा धूसर असला की सरकारी खात्याचा वाजवी अर्थ कोर्टाने मान्य करायचा. बोटवाल्यांच्या बिलाचे पुढे काय झाले, हे फारसे कोणी सांगत नाही. इथे सुरुवात त्या बिलापासूनच केली आहे. निकालाने नेमके काय बदलले आणि काय बदलले नाही, हे तिथेच स्पष्ट दिसते.

बिल कशाचे होते

किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर अमेरिकेत १९७६ च्या मॅग्नुसन-स्टीव्हन्स कायद्याचे नियंत्रण आहे. आठ प्रादेशिक परिषदा आपापल्या समुद्रासाठी व्यवस्थापन आराखडे तयार करतात आणि वाणिज्य खात्याखालील राष्ट्रीय सागरी मत्स्यसेवा त्यांना मंजुरी देऊन नियमांचे रूप देते. न्यू इंग्लंडच्या परिषदेने असाच एक दुरुस्ती आराखडा आणला आणि त्यावर आधारलेला नियम ७ फेब्रुवारी २०२० रोजी राजपत्रात आला.

नियम असा होता. हेरिंगच्या ठरावीक परवान्यांच्या बोटींनी फेरीला निघण्याआधी ‘हेरिंगला चाललो’ असे जाहीर करायचे. अशा फेऱ्यांपैकी निम्म्या, म्हणजे ५० टक्के फेऱ्यांवर निरीक्षक असावा, हे लक्ष्य. सरकारी खर्चाचा निरीक्षक आधीच नेमला गेला असेल तर प्रश्न नाही. नसेल आणि मत्स्यसेवेने या फेरीला निरीक्षक हवा असे कळवले, तर बोटीच्या मालकाने मान्यताप्राप्त खासगी कंपनीकडून तपासनीस घ्यायचा आणि त्याचे पैसे स्वतः भरायचे. फेरीत ५० मेट्रिक टनांपेक्षा कमी हेरिंग उतरवणार असाल तर सूट मागता येई. मधल्या पाण्यात जाळे ओढणाऱ्या बोटींसाठी कॅमेरे आणि बंदरावरचे नमुने, असा पर्यायही ठेवला होता.

तपासनीस कशासाठी, हेही लक्षात घ्यायला हवे. हेरिंगच्या जाळ्यात हॅडॉक, शॅड, नदीत चढणारे हेरिंग असे इतर मासे येतात आणि त्यांच्या पकडीवर स्वतंत्र मर्यादा असतात. बंदरात उतरलेला माल मोजता येतो. समुद्रातच परत टाकलेला माल मोजायला बोटीवर कोणी तरी लागतोच. हेरिंगचा साठा त्या काळात खालावलेला होता, त्यामुळे ही माहिती निरर्थक नव्हती. बोटवाल्यांनीही ‘तपासनीस नको’ असा दावा केलाच नव्हता. त्यांचे म्हणणे एवढेच, की तुमचा माणूस, तुमचा पगार.

मत्स्यसेवेच्या स्वतःच्या अंदाजाप्रमाणे खर्च दिवसाला ७१० डॉलरपर्यंत जाणार होता आणि त्यामुळे मालकाला मिळणारा वार्षिक परतावा सुमारे २० टक्क्यांपर्यंत घटू शकत होता. न्यू जर्सीतल्या केप मेच्या घरगुती धंद्यांच्या बोटी थोड्याच दिवसांत परततात. र्‍होड आयलंडच्या ‘रिलेंटलेस’ कंपनीच्या दोन बोटींचे गणित वेगळे. त्या मासा समुद्रातच गोठवतात, १० ते १४ दिवस बाहेर राहतात आणि स्क्विड, मॅकरेल, बटरफिश, हेरिंग यांपैकी जे सापडेल ते घेतात. १० दिवसांच्या फेरीचे ७,१०० डॉलर, १४ दिवसांचे ९,९४० डॉलर. शिवाय हेरिंग मिळालेच तर घेता यावे म्हणून फेरी आधीच जाहीर करावी लागते. म्हणजे फेरीत एकही हेरिंग न धरता तपासनिसाचे बिल भरण्याची वेळ येऊ शकते. नियम बनवताना डोळ्यांपुढे एका प्रकारची बोट असते आणि तो लागू होतो भलत्याच बोटीला. असे झाले की बहुतेक वेळा खटला उभा राहतोच.

कायद्यात काय लिहिले होते, काय नव्हते

मॅग्नुसन-स्टीव्हन्स कायदा एवढे स्पष्ट म्हणतो की आराखड्यात बोटीवर एक किंवा अधिक निरीक्षक घेण्याची सक्ती करता येईल. पैसे कोणी द्यायचे, याबद्दल ते कलम गप्प आहे.

मात्र त्याच कायद्यात तीन ठिकाणी पैशांचा उल्लेख आहे. परदेशी बोटींनी निरीक्षकाचा खर्च द्यायचा. उत्तर पॅसिफिकमधल्या मासेमारीत शुल्क घेता येते, पण ते पकडीच्या किमतीच्या २ टक्क्यांपर्यंतच. आणि पकडीचे हक्क ठरावीक वाट्यांत वाटून दिलेल्या योजनांमध्ये शुल्काला ३ टक्क्यांची मर्यादा. बोटवाल्यांचा युक्तिवाद इथून सुरू होतो. संसदेला जिथे पैसे घ्यायचे होते तिथे तिने तसे लिहिले, वर मर्यादाही घातली. मग जिथे काहीच लिहिले नाही तिथे २० टक्क्यांपर्यंतचा भार टाकायचा अधिकार कुठून आला? (अमेरिकी संसदेचे नाव काँग्रेस आहे. मराठी वाचकाला त्या शब्दाने दुसरेच काही आठवते, म्हणून पुढेही ‘संसद’च म्हटले आहे.)

सरकारचे उत्तरही तकलादू नव्हते. आराखड्यात मासेमारीच्या संवर्धनासाठी ‘आवश्यक व योग्य’ अशा इतर उपाययोजना घालता येतील, असे कायदा म्हणतो. नियम पाळण्याचा खर्च धंदेवाल्यानेच उचलायचा असतो. जाळ्याच्या फासाचा आकार बदलायला लावला तर नव्या जाळ्याचे पैसे सरकार देत नाही. शिवाय कायद्याच्या दंडाच्या कलमात, मालकाने करारावर घेतलेल्या निरीक्षक सेवेचे पैसे थकवले तर परवान्यावर कारवाई करता येईल, असा उल्लेख आहे. म्हणजे मालक असा करार करू शकतो, हे संसदेने गृहीत धरले होते.

दोन्ही बाजूंना बोट ठेवायला कलम होते. अशा वेळी कोर्टाने काय करायचे, यावर १९८४ पासून एक ठरलेला शिरस्ता होता.

शेव्हरॉनचा शिरस्ता

१९७७ मध्ये स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यातल्या ‘स्थिर स्रोत’ या शब्दांचा अर्थ कारखान्यातले प्रत्येक धुराडे की अख्खा कारखाना, हा वाद होता. १९८१ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने ‘अख्खा कारखाना’ हा उद्योगांना सोयीचा अर्थ घेतला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘शेव्हरॉन विरुद्ध नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स काउन्सिल’ या खटल्यात ६ विरुद्ध ० मतांनी तो मान्य केला. निकालपत्र न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे. त्यातून दोन पायऱ्यांची रीत रूढ झाली. पहिली पायरी: नेमक्या प्रश्नावर संसदेचा हेतू स्पष्ट आहे का? असेल तर तोच लागू. नसेल तर दुसरी पायरी: खात्याने घेतलेला अर्थ वाजवी आहे का? वाजवी असेल तर कोर्टाला दुसरा अर्थ अधिक पटत असला तरी खात्याचाच अर्थ टिकणार.

थोडक्यात, कायदा गप्प किंवा धूसर असला की खात्याला झुकते माप.

आज शेव्हरॉनला ‘सरकारी नोकरशाहीचे लाड’ म्हणून हिणवणाऱ्यांपैकी अनेकांना आठवत नाही, की पहिला फायदा रेगन सरकारच्या शिथिलीकरणाला झाला होता. १९८१ चा तो नियम आला तेव्हा पर्यावरण संस्थेच्या प्रमुख होत्या अ‍ॅन गोर्सच. शेव्हरॉन गाडण्यासाठी सर्वांत आवेशाने लिहिणारे न्यायमूर्ती नील गोर्सच हे त्यांचे चिरंजीव.

मधल्या चाळीस वर्षांत शिरस्त्याला अपवाद जडत गेले. २००१ च्या ‘मीड’ निकालाने खात्याचे प्रत्येक पत्रक या मापाला पात्र नाही असे सांगितले. २००५ च्या ‘ब्रँड एक्स’ने उलट्या दिशेला जाऊन खात्याला एवढे बळ दिले, की कोर्टाने आधी लावलेला अर्थही ते बदलू शकत होते. २०२२ च्या ‘वेस्ट व्हर्जिनिया’ निकालाने मोठ्या आर्थिक-राजकीय प्रश्नांवर संसदेची स्पष्ट परवानगी हवीच, अशी वेगळी अट घातली. आणि २०१६ नंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतः एकदाही शेव्हरॉनच्या आधारे खात्याला माप दिले नव्हते. खालच्या कोर्टांना मात्र ते पाळावेच लागत होते. वरच्या मजल्यावर दिवा विझलेला आणि खाली सगळे त्याच्याच उजेडात काम करताहेत, अशी विचित्र अवस्था.

खटला वर कसा गेला

दोन खटले समांतर चालले. केप मेच्या कंपन्यांचा (लोपर ब्राइट त्यांतलीच एक) वॉशिंग्टन डीसीच्या जिल्हा न्यायालयात, रिलेंटलेसचा र्‍होड आयलंडमध्ये. २०२१ मध्ये दोन्हीकडे सरकार जिंकले. ऑगस्ट २०२२ मध्ये डीसी सर्किटच्या अपील खंडपीठाने दोन विरुद्ध एक मताने नियम उचलून धरला. (सर्किट म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या लगेच खालचे, ठरावीक भागापुरते केंद्रीय अपील कोर्ट.) न्यायाधीश रॉजर्स यांच्या बहुमताने म्हटले, की पहिल्या पायरीवर उत्तर निर्विवाद मिळत नाही, पण दुसऱ्या पायरीवर खात्याचा अर्थ वाजवी ठरतो. न्यायाधीश वॉकर यांचे भिन्नमत असे, की कायद्याचे मौन म्हणजे अधिकाराचा अभाव, धूसरपणा नव्हे. मार्च २०२३ मध्ये फर्स्ट सर्किटनेही सरकारच्या बाजूने कौल दिला.

सर्वोच्च न्यायालयाकडे केप मेच्या अर्जात दोन प्रश्न होते. एक, हा कायदा हा नियम करू देतो का. दोन, शेव्हरॉन रद्द करावे का, किंवा निदान मौन म्हणजे धूसरपणा नव्हे असे स्पष्ट करावे का. १ मे २०२३ रोजी न्यायालयाने फक्त दुसरा प्रश्न सुनावणीला घेतला. पुढच्या सगळ्या गैरसमजांचे मूळ या एका ओळीच्या आदेशात आहे. बोटवाल्यांचा स्वतःचा प्रश्न तिथेच बाजूला पडला.

रिलेंटलेसचा अर्ज ऑक्टोबर २०२३ मध्ये जोडला गेला. कारण व्यावहारिक होते. डीसी सर्किटमध्ये असताना न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन यांनी लोपर ब्राइटची सुनावणी घेतली होती, म्हणून त्या वर त्यात बसू शकत नव्हत्या. दुसऱ्या खटल्यामुळे पूर्ण नऊ जणांचे पीठ मिळाले. म्हणूनच निकालाचे आकडे दोन दिसतात: लोपर ब्राइटमध्ये ६ विरुद्ध २, रिलेंटलेसमध्ये ६ विरुद्ध ३. सुनावणी १७ जानेवारी २०२४ रोजी झाली.

निकाल नेमका काय म्हणतो

सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचे निकालपत्र राज्यघटनेचा आणि कायदा काय म्हणतो हे सांगणे कोर्टाचे काम, असे ठरवणाऱ्या १८०३ च्या ‘मार्बरी’ निकालाचा दाखला देते, पण त्याचा खरा पाया आहे १९४६ चा प्रशासकीय कार्यपद्धती कायदा. त्याचे कलम ७०६ म्हणते की आव्हान दिलेल्या कृतीचे परीक्षण करताना कोर्ट ‘कायद्याचे सर्व संबंधित प्रश्न’ ठरवेल. तथ्ये आणि धोरण यांच्याबाबत त्याच कलमात सौम्य निकष लिहिलेले आहेत. कायद्याच्या अर्थाबाबत असा कोणताही सौम्य निकष नाही. मग तो शेव्हरॉनने आणला कुठून, हा बहुमताचा प्रश्न. संसद एका साध्या कायद्याने हे बदलू शकते, कारण निकाल मुख्यतः कायद्यावर उभा आहे. थॉमस आणि गोर्सच यांची स्वतंत्र जोडपत्रे मात्र सत्ताविभाजनाच्या घटनात्मक पायावर जोर देतात.

व्यवहारात उपयोगी भाग पुढचा आहे, आणि तो बातम्यांत जवळजवळ आलाच नाही.

पहिली गोष्ट, कोर्टाने कायद्याचा ‘सर्वोत्तम’ अर्थ शोधायचा; वाजवी अर्थांपैकी कोणताही एक चालेल असे नाही. पण खात्याचे मत कचऱ्यात टाकायचे असेही नाही. १९४४ च्या ‘स्किडमोर’ निकालाप्रमाणे त्या मताला पटवून देण्याइतके वजन राहते. अभ्यास किती खोल, तर्क किती पक्का, भूमिका किती सातत्याची, यावर ते वजन ठरते. कायदा झाला त्याच सुमारास घेतलेला आणि पुढे न बदललेला अर्थ जास्त भारी.

दुसरी, आणि सर्वांत महत्त्वाची: कायद्याने स्वतःच खात्याला ठरवण्याचा अधिकार दिला असेल, किंवा ‘योग्य’, ‘वाजवी’ असे लवचीक शब्द वापरून मोकळीक दिली असेल, तर कायद्याचा सर्वोत्तम अर्थ हाच, की निर्णय खात्याचा. कोर्टाने फक्त त्या अधिकाराची कुंपणे तपासायची आणि आतला निर्णय विचारपूर्वक घेतला आहे का ते पाहायचे.

तिसरी, शेव्हरॉनच्या आधारे आजवर जे नियम वैध ठरले ते वैधच राहतील. निकाल शेव्हरॉनवर बेतलेला होता, एवढे कारण तो उलटवायला पुरेसे नाही.

न्यायमूर्ती केगन यांचे भिन्नमत वाचायलाच हवे, कारण प्रश्नांची जात तिथे दिसते. अल्फा अमिनो आम्लांची साखळी ‘प्रथिन’ कधी म्हणायची? वॉशिंग्टन राज्यातली करडी खार स्वतंत्र समूह मानायची का? ग्रँड कॅनियनवर ‘नैसर्गिक शांतता’ राखायची तर किती विमाने उडू द्यायची? यांची उत्तरे व्याकरणात सापडत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. तो आमच्या मते बिनतोड आहे. फक्त यांतल्या बऱ्याच प्रश्नांना बहुमताच्या दुसऱ्या मुद्द्यातून वाट निघते, आणि त्यामुळेच निकालाचा आघात पहिल्या दिवशी वाटला तितका सरसकट नाही.

मग बोटवाल्यांचे काय झाले

सर्वोच्च न्यायालयाने नियम रद्द केला नाही. दोन्ही खटले ‘शेव्हरॉन न वापरता पुन्हा पाहा’ असे सांगून खाली परत पाठवले. ‘मच्छीमारांवरचे शुल्क कोर्टाने उडवले’ असे ज्यांनी लिहिले त्यांनी निकालाचा शेवटचा परिच्छेद वाचलेला नसावा.

आणखी एक गंमत. सुनावणी झाली तेव्हा बिल थांबलेले होते. एप्रिल २०२३ पासून, आपल्या वाट्याच्या प्रशासकीय खर्चाला केंद्राकडे पैसा नाही म्हणून, मत्स्यसेवेने ही व्यवस्था स्थगित केली होती आणि ज्यांनी पैसे भरले होते त्यांना ते परत मिळाले होते. खटला जिवंत राहिला, कारण नियम पुस्तकात तसाच होता आणि व्यवस्था केव्हाही पुन्हा सुरू होऊ शकत होती.

रिलेंटलेसचा खटला र्‍होड आयलंडच्या जिल्हा न्यायालयात परतला. जुलै २०२५ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी या वेळी कोणतेही झुकते माप न देता कायदा वाचला आणि निकाल दिला: नियम कायद्यात बसतो. निरीक्षक बसवण्याचा स्पष्ट अधिकार, त्याच्या जोडीला ‘आवश्यक व योग्य’ उपाययोजनांची मोकळीक. ज्या बोटींच्या नावाने शेव्हरॉन पडले, त्यातली एक बाजू शेव्हरॉनशिवायही हरली.

इथेच या प्रकरणाचे मर्म आहे. शेव्हरॉन असताना वकील भांडत ते कलम धूसर आहे की स्पष्ट यावर. आता भांडण आहे ते कलम अर्थ सांगते की मोकळीक देते यावर. ‘स्रोत’, ‘निरीक्षक’, ‘दूरसंचार सेवा’ हे अर्थाचे शब्द: कोर्ट एकदा अर्थ ठरवते आणि तो गोठतो. ‘आवश्यक’, ‘योग्य’, ‘ज्या अटींवर ठरवले जाईल त्या’ हे मोकळिकीचे शब्द: तिथे खात्याला आजही जागा आहे. पुढच्या दाराने बाहेर काढलेले झुकते माप मागच्या दाराने आत येऊ शकते. फक्त तो दरवाजा कायद्याच्या मजकुरात खरोखर असला पाहिजे.

दोन निकाल शेजारी ठेवले की हा फरक कळतो. ब्रॉडबँड ही दूरसंचार सेवा की माहिती सेवा, यावर केंद्रीय दळणवळण आयोगाने सरकार बदलेल तसे मत बदलले: २००२ मध्ये एक, २०१५ मध्ये दुसरे, २०१७ मध्ये पहिले, २०२४ मध्ये पुन्हा दुसरे. प्रत्येक वेळी ‘वाजवी अर्थ’ म्हणून ते तगू शकत होते. २ जानेवारी २०२५ रोजी सिक्स्थ सर्किटने लोपर ब्राइटच्या रीतीने अर्थ लावून ब्रॉडबँड माहिती सेवा ठरवली आणि नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या वाहतुकीला समान वागणूक देण्याचा, नियम पाडला. उलट मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘बाँडी विरुद्ध व्हॅनडरस्टॉक’मध्ये, घरी जोडायच्या बंदुकांच्या सुट्या भागांच्या संचांवरचा नियम सात विरुद्ध दोन मतांनी टिकवला. निकालपत्र गोर्सच यांचेच. कोणतेही माप न देता त्यांनी कायद्याचे शब्द वाचले आणि खाते बरोबर निघाले. शेव्हरॉन गेले म्हणजे सरकार प्रत्येक खटला हरणार, हा हिशेब चुकीचा आहे.

तथ्यांच्या बाबतीत तर खात्यांची बाजू भक्कमच आहे. मे २०२५ च्या ‘सेव्हन काउंटी’ निकालात, युटातल्या रेल्वेमार्गाच्या पर्यावरण अहवालाबाबत, सर्वोच्च न्यायालयाने अहवालात काय आणि किती तपासायचे हे ठरवण्यात संस्थेला भरपूर वाव द्यावा असे ठणकावले.

नियमाला आव्हान द्यायचे किंवा तो वाचवायचा तर

सुरुवात राजपत्रातल्या ‘अधिकार’ या ओळीपासून करावी. खात्याने कोणते कलम आधाराला घेतले ते तिथे असते. अनेक जुन्या नियमांत पाच-सहा कलमांची रांग असते आणि त्यातले एकच खरे वजन पेलते. ते शोधायचे. मग त्या कलमातले क्रियापद बघायचे: ‘म्हणजे’ असे व्याख्येचे वाक्य आहे, की ‘ठरवील’, ‘योग्य वाटेल तसे’ असे सोपवणारे? आव्हान देणारा पहिल्या बाजूला ओढणार, खाते दुसऱ्या.

यानंतर त्या सर्किटमध्ये शेव्हरॉनच्या काळात हाच नियम टिकला होता का ते पाहायचे. टिकला असेल तर नवा युक्तिवाद कितीही चांगला असला तरी अपील कोर्टाच्या खालच्या पातळीवर तो चालणे अवघड. इथे नव्या याचिका हमखास अडकतात. नियम टिकवणारा पूर्वनिर्णय मूळ मजकुरावरच उभा असेल, शेव्हरॉनवर नसेल, तर लोपर ब्राइटचा उपयोग शून्य.

मुदतीची चूक तर सर्वांत महाग. १ जुलै २०२४ च्या ‘कॉर्नर पोस्ट’ निकालाने सांगितले की सहा वर्षांची सर्वसाधारण मुदत नियम आला त्या दिवसापासून नव्हे, फिर्यादीला इजा झाली तेव्हापासून मोजायची. तो खटला नॉर्थ डकोटातल्या एका ट्रक थांब्याचा. तो उघडला २०१८ मध्ये आणि त्याचा आक्षेप होता डेबिट कार्ड शुल्काच्या २०११ च्या नियमाला. त्यावरून ‘आता कोणताही जुना नियम कधीही उकरता येईल’ असा समज पसरला. पण अनेक कायद्यांची स्वतःची मुदत असते. स्वच्छ हवा कायद्यात ती ६० दिवस. मॅग्नुसन-स्टीव्हन्समध्ये अवघे ३० दिवस. केप मेच्या बोटवाल्यांनी फेब्रुवारी २०२० च्या नियमाविरुद्ध त्याच महिन्यात दावा लावला तो उगाच नाही. महिना उलटला असता तर शेव्हरॉन त्यांच्या नावाने पडलेच नसते.

आणि हे सगळे केंद्रीय कोर्टांपुरते. न्यू जर्सी किंवा टेक्सासच्या राज्यपातळीवरील खात्यांना किती माप द्यायचे हे त्या त्या राज्याचा कायदा ठरवतो. लोपर ब्राइट तिथे बांधील नाही.

एच-४ वाल्यांसाठी

केप मे ज्या न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला आहे, त्याच राज्यात एडिसनच्या आसपास मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. निकालाचा त्यांच्याशी थेट संबंध येतो तो एच-१बी धारकाच्या जोडीदाराच्या कामाच्या परवान्यामुळे. २०१५ च्या नियमाने, मुख्य धारकाचा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर असेल किंवा त्याला सहा वर्षांपुढे मुदतवाढ मिळाली असेल, तर एच-४ वरील जोडीदाराला रोजगाराची परवानगी दिली. ‘सेव्ह जॉब्स यूएसए’ या, सदर्न कॅलिफोर्निया एडिसन कंपनीच्या माजी तंत्र-कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्याच वर्षी तिला आव्हान दिले. जोडीदाराला नोकरीची मुभा देण्याचा अधिकार संसदेने खात्याला दिलेलाच नाही, हा दावा. ऐकायला हेरिंगच्या बिलासारखाच.

लोपर ब्राइटनंतर पाच आठवड्यांतच, २ ऑगस्ट २०२४ रोजी, डीसी सर्किटने नियम कायम ठेवला. आधार होता २०२२ चा त्याच कोर्टाचा ‘वॉशटेक’ निकाल. तो विद्यार्थ्यांच्या ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी निगडित कामाच्या, परवान्याबद्दल होता आणि शेव्हरॉनच्या मापावर नव्हे, कायद्याच्या मजकुरावर आणि जुन्या प्रथेवर उभा होता. म्हणून लोपर ब्राइटने त्याला धक्का लागला नाही. वर सांगितलेली पूर्वनिर्णयाची अडचण ती हीच. इमिग्रेशन कायद्यातले शब्दही मोकळिकीचे आहेत: परदेशी व्यक्तीचा प्रवेश नियमांनी ठरवलेल्या मुदतीसाठी आणि अटींवर असेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा खटला ऐकण्यास नकार दिला. नकार म्हणजे नियमाला वरून मिळालेली मान्यता नव्हे. दुसऱ्या सर्किटमध्ये नवा दावा येऊ शकतो.

कोर्टाने खात्याला हा अधिकार आहे एवढेच मान्य केले. तो वापरलाच पाहिजे असे म्हटलेले नाही. मोकळिकीचा शब्द दोन्ही बाजूंना वळतो. नियम मागे घ्यायचा झाल्यास खात्याला राजपत्रात प्रस्ताव छापावा लागेल, हरकती मागवाव्या लागतील, आणि २०१५ मध्ये दिलेली कारणे आता का लागू नाहीत हे लिहावे लागेल. या नियमावर विसंबून ज्यांनी नोकऱ्या धरल्या, घरे घेतली, त्यांचा विचार केला की नाही, हे त्या मजकुरात कोर्ट शोधेल. असा प्रस्ताव आलाच तर हरकतींच्या खिडकीत ‘नियम चांगला आहे’ एवढे लिहून काही हाती लागणार नाही. किती वर्षे काम केले, कोणता कर्जाचा हप्ता त्या पगारावर चालतो, मालकाने कोणते पद त्या व्यक्तीवर भरले, असे तपशील नोंदीत गेले पाहिजेत. पुढे कोर्ट परीक्षण करते ते त्या नोंदीचेच.